वॉशिंग्टनची काळी भिंत

मैत्रिणींनो, मुलाकडे नाहीतर मुलीकडे अमेरिकेला जाण्याचा योग आता आपल्यापैकी पुष्कळजणींना येतो. गेलं की वॉशिंग्टन दाखवतातच. कुंपणाबाहेरून व्हाइट हाऊस, लिंकनचा तो भव्य पुतळा, आणि एप्रिलच्या सुरुवातीला गेलात तर तळ्याकाठची चेरीची फुलं. हे सगळं जरूर पाहा. पण लिंकनच्या पायऱ्या उतरलात की तशाच परत फिरू नका. चार पावलं पुढे चालून एक काळी भिंत पाहून या. तिथे तिकीट नाही, दरवाजा नाही. दिवसरात्र केव्हाही जाता येतं. व्हिएतनामच्या युद्धात मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या ५८ हजारांहून अधिक अमेरिकनांची नावं त्या भिंतीवर कोरलेली आहेत.

मला तिथे नेलं ते माझ्या मुलीच्या शेजारणीने. पंच्याहत्तरीच्या बाई, एकट्याच राहतात. माझी लेक त्यांना सणावारी काही ना काही नेऊन देते. मी गेल्यावर चार दिवसांनी त्या म्हणाल्या, "उद्या भावाला भेटायला जाणार आहे. तुम्ही दोघी येता का?" कुणाच्या घरी जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून मी आपली शंकरपाळी डब्यात भरून घेतली. गाडीतून उतरून चालायला लागलो, तेव्हा लेकीने हळूच सांगितलं, "आई, त्यांचा भाऊ भिंतीवर आहे." डबा लपवावा की काय, मला काही सुचेना.

भिंत लांबून दिसतच नाही. जमीन हळूहळू उतरत जाते आणि शेजारी भिंत वाढत जाते. टोकाला जेमतेम ८ इंच, आणि मध्यावर पोहोचलात की १० फूट. तिथे दोन भिंती कोनात मिळतात. एकीचं टोक लिंकनकडे, दुसरीचं वॉशिंग्टनच्या उंच मनोऱ्याकडे. प्रत्येक भिंत सुमारे २४७ फूट लांब. दगड इतका गुळगुळीत, की नावं वाचता वाचता आपला चेहरा त्यात दिसतो. आणि गंमत ऐका, हा दगड आपल्याकडचा, बंगळूरचा! तिथून तो अमेरिकेत गेला, व्हरमाँटला कापला गेला आणि मेम्फिसला त्याच्यावर नावं कोरली गेली.

नावांपुढे हुद्दा नाही, गाव नाही. नावं बाराखडीप्रमाणे नाहीत, मरणाच्या तारखेप्रमाणे आहेत. एकाच दिवशी, एकाच लढाईत गेलेले सोबती एकमेकांच्या शेजारी. नावापुढे पत्त्यातल्या चौकटीसारखी खूण असेल, तर मृत्यू नक्की. अधिकचं चिन्ह असेल, तर बेपत्ता. बेपत्ता माणूस जिवंत परत आला, तर त्या चिन्हाभोवती वर्तुळ कोरायचं असं ठरलेलं आहे. असं एकही वर्तुळ आजवर कोरावं लागलेलं नाही.

शेजारीणबाई पूर्वेकडच्या भिंतीपाशी थांबल्या. त्यांचा थोरला भाऊ गॅरेजमध्ये कामाला होता. त्या काळी कॉलेजात असलेल्या मुलांना सैन्यभरतीतून सवलत मिळे, त्यामुळे कामकरी घरातली मुलंच जास्त गेली. हा १९६७ मध्ये गेला आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये मारला गेला. धाकट्याने कॉलेज अर्धवट सोडलेलं. १ डिसेंबर १९६९ च्या रात्री सरकारने टीव्हीवर सोडत काढली. वर्षाच्या ३६६ तारखा निळ्या कुप्यांत घालून काचेच्या भांड्यात टाकल्या होत्या. आपण भिशीच्या चिठ्ठ्या उचलतो ना, तशीच एकेक उचलली. ज्याची जन्मतारीख आधी निघेल, त्याला आधी बोलावणं. धाकट्याची तारीख सुरुवातीलाच निघाली. पुढच्या वर्षी तो सरहद्द ओलांडून कॅनडात गेला. १९७७ मध्ये अध्यक्ष कार्टरनी अशा मुलांना माफी दिली, तरी तो परत आला नाही. वडिलांची माफी कुठे मिळाली होती?

युद्ध १९७५ मध्ये संपलं. त्या घरातलं संपलं नाही. सणाला सगळे जेवायला बसले की कुणीतरी विषय काढायचंच. कम्युनिस्टांना तिथेच अडवलं नसतं, तर एकामागून एक देश गेला असता, असं वडील म्हणत. काका म्हणत, सैनिक जिंकतच होते, पुढाऱ्यांनी हात बांधले. कॅनडाहून फोनवर धाकटा म्हणे, मुळात तिथे जायचं कारणच नव्हतं. बाई सांगत होत्या, "युद्ध चुकीचं होतं असं मानलं, तर थोरला फुकट गेला, असं वडिलांना वाटायचं. आणि बरोबर होतं असं मानलं, तर आपण पळपुटे ठरतो, असं धाकट्याला. दोघं भांडायचे युद्धावरून, पण बोलत असायचे आमच्या भावाबद्दल आणि स्वतःबद्दल. मग कोण कुणाला पटवणार?"

१९९५ मध्ये मॅक्नमारा यांचं पुस्तक आलं. युद्धाच्या ऐन काळात हेच संरक्षणमंत्री होते. आमचं चुकलं, अशी कबुली त्यांनी त्यात दिली. धाकट्याने त्याच दिवशी फोन केला, "बघा, मी म्हणत होतो ना!" वडील एवढंच म्हणाले, "हे त्यांनी १९६८ साली का नाही सांगितलं?" आणि फोन ठेवून दिला. त्यानंतर बापलेक बोलले नाहीत. मला वाटलं होतं, चूक कबूल झाली की वाद मिटतो. नाही मिटत, बायांनो. आपल्या घरातल्या जुन्या वाटणीच्या भांडणात तरी कुठे मिटतो?

या भिंतीवरूनही असंच रामायण घडलं. युद्धावरून परतलेल्या जॅन स्क्रग्ज नावाच्या सैनिकाने १९७९ मध्ये स्मारकाची चळवळ सुरू केली आणि लोकांकडून वर्गणी जमवली. स्पर्धेची अट होती की, सर्व नावं हवीत आणि युद्ध बरं की वाईट याबद्दल अक्षर नको. १,४२१ आराखडे आले. कुणाचा कुठला हे परीक्षकांना माहीत नव्हतं. निवड झाली ती माया लिनची! वय २१, अजून कॉलेजात शिकणारी, चीनहून आलेल्या आईबापांची मुलगी. मग गदारोळ उठला. काळा दगड कशाला, जमिनीत का पुरता, ही तर लाजेची खूण! शेवटी तडजोड झाली. नोव्हेंबर १९८२ मध्ये भिंत उभी राहिली, आणि १९८४ मध्ये जवळच तीन सैनिकांचा पुतळा बसवला. आज त्याच भिंतीपुढे लोक बोट ठेवून उभे राहतात. मला तर ती अट फार शहाणपणाची वाटली. कोण बरोबर हे भिंत सांगत नाही, म्हणून दोन्ही बाजूंच्या लोकांना तिथे येता येतं.

बायकांना विसरू नका. भिंतीवर आठ स्त्रियांची नावं आहेत, आठही जणी परिचारिका. व्हिएतनाममध्ये काम केलेल्या सुमारे ११ हजार अमेरिकन स्त्रियांतही बहुतेक परिचारिकाच होत्या. त्यांचं स्मारक व्हायला १९९३ साल उजाडावं लागलं. तेही जवळच आहे. जखमी सैनिकाला मांडीवर घेतलेली बाई, तिच्याबरोबर आणखी दोघी, आणि भोवती त्या आठजणींसाठी आठ झाडं. दोन मिनिटं तिथे बसाच.

परतताना व्हर्जिनियात फॉल्स चर्चच्या ईडन सेंटरमध्ये जेवलो. व्हिएतनामी लोकांचा हा बाजार. तांदळाच्या शेवयांचं वाफाळतं सूप मिळतं. शाकाहारी असाल तर आधी नीट विचारून घ्या, माशाचा अर्क बऱ्याच पदार्थांत असतो. तिथे पिवळ्या कापडावर तीन तांबड्या पट्ट्यांचा झेंडा फडकतो. तो दक्षिण व्हिएतनामचा. ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं आणि तो देशच गेला, पण पळून आलेल्या माणसांनी झेंडा ठेवला आहे. त्यांच्या लेखी अमेरिका लढायला आली हे चुकलं नाही, अर्ध्यातून निघून गेली हे चुकलं. आणि खुद्द व्हिएतनाममध्ये या युद्धाला अमेरिकेविरुद्धचं युद्ध म्हणतात. आपले ११ लाख लढवय्ये आणि दोन्हीकडचे मिळून २० लाखांपर्यंत नागरिक गेले, असा अंदाज तिथल्या सरकारने १९९५ मध्ये दिला. त्यांच्यासाठी किती लांब भिंत लागली असती, हा विचार सूप पिताना मनातून जाईना.

पण मुख्य गोष्ट सांगायची राहिलीच. भिंतीपाशी पिवळ्या अंगरख्यातले स्वयंसेवक असतात. ते नाव शोधून देतात, कागद-पेन्सिलही देतात. आपण लहानपणी नाण्यावर कागद ठेवून छाप उठवायचो, तसा नावाचा छाप घ्यायचा. शेजारीणबाईंनी दोन कागद मागितले. एक स्वतःसाठी. दुसरा दरवर्षी कॅनडाला पाठवतात. "तो काय करतो त्याचं, कधी सांगत नाही," त्या म्हणाल्या, "पण पाकीट कधी परतही आलं नाही."

मग त्यांनी माझ्या डब्याकडे पाहिलं. "त्याला गोड फार आवडायचं," म्हणाल्या. त्यांनी दोन शंकरपाळी भिंतीच्या पायाशी ठेवली. लोक तिथे पत्रं, पदकं, बूट, काय काय ठेवतात. बऱ्याच वस्तू सरकार जपून ठेवतं. खाऊ काही ठेवत नाहीत. तो संध्याकाळी उचलला गेला असेल, हे मलाही ठाऊक आहे.

तुम्ही गेलात तर नीट चालायचे बूट घाला, पाण्याची बाटली घ्या, आणि एखादं नाव मोठ्याने वाचा. ओळखीचं नसलं तरी चालेल. युद्ध बरोबर की चूक, ते लोक बोलत राहतील, बोलायलाच हवं. पण आधी नाव घ्यावं, मग वाद घालावा, एवढं मी त्या शेजारणीकडून शिकून आले.