ड्रेस्डेन : आधी काय जळाले?

ड्रेस्डेनची गोष्ट सांगणारे बहुतेक लोक 13 फेब्रुवारी 1945 पासून सुरुवात करतात. त्या रात्री ब्रिटिश विमानांनी बॉम्ब टाकले, दुसऱ्या दिवशी अमेरिकन विमाने आली, जुने शहर जळून गेले. इतिहासकारांच्या समितीने मृतांचा आकडा जास्तीत जास्त 25,000 काढला. नाझी प्रचाराने तो दोन लाखांवर नेला होता आणि नवनाझी आजही फुगवलेले आकडे घेऊन फेब्रुवारीत मोर्चे काढतात. मेलेली माणसे खरी होती, त्यांच्या यातनाही खऱ्या. पण मित्रांनो, गोष्ट कुठून सुरू करायची हे ठरवण्यातच अर्धे राजकारण असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

एका अभ्यासदौऱ्यात या शहरात दोन दिवस मिळाले. फ्राउएनकिर्खे हे चर्च पाहून मीही थक्क झालो. पंचेचाळीसहून अधिक वर्षे तो ढिगारा तसाच पडून होता. मग जुने दगड वेचून, बराचसा पैसा देणग्यांतून उभा करून 2005 मध्ये चर्च पूर्ण झाले. काळे दगड जुने, पिवळसर नवे. घुमटावरचा क्रॉस ब्रिटिश कारागिराने घडवला आणि त्याचे वडील ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचे वैमानिक होते! जवळच राजांच्या मिरवणुकीचे 102 मीटर लांब भित्तिचित्र आहे, राजे घोड्यावर. बॉम्बमधून ते जवळजवळ सहीसलामत वाचले. (राजे कुठेही वाचतातच.)

नदीकाठचे ऑपेरा हाऊस गॉटफ्रीड झेम्पर या वास्तुकाराचे. तेही जसेच्या तसे बांधून 13 फेब्रुवारी 1985 ला उघडले. याच झेम्परने ड्रेस्डेनमध्ये एक सिनेगॉगही बांधले होते, 1840 चे. ते ब्रिटिशांनी पाडले नाही. 9 नोव्हेंबर 1938 च्या रात्री नाझींनी ते पेटवले. म्हणजे शहर जळण्याच्या सहा वर्षे आधी. त्या रात्रीच्या देशभरच्या हिंसाचारानंतर सरकारने दंड ठोठावला तो ज्यूंनाच, शंभर कोटी मार्क. मार खाणाऱ्यावरच गुन्हा, ही पद्धत आपल्या वस्त्यांना चांगली परिचयाची आहे.

आणखी एक गोष्ट. 13 फेब्रुवारी 1945 च्या सकाळी, नोकरीतून काढलेले ज्यू प्राध्यापक व्हिक्टर क्लेम्परर यांना शहरात उरलेल्या मोजक्या ज्यूंच्या घरी नोटिसा वाटायला लावले होते : तीन दिवसांनी कामासाठी हजर व्हा. याचा अर्थ काय हे सगळ्यांना ठाऊक होते. रात्री बॉम्ब पडले. क्लेम्पररच्या अंगावरचा पिवळा तारा पत्नीने काढून टाकला आणि ते पळाले. शहर जळाले म्हणून ते वाचले. ही नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे. 'ड्रेस्डेनवर अन्याय झाला' एवढेच बोलणाऱ्यांना ती अडचणीची वाटते.

नवे सिनेगॉग 9 नोव्हेंबर 2001 ला सुरू झाले. जुन्याची नक्कल केलेली नाही. जवळजवळ खिडक्या नसलेला दगडी ठोकळा, थराथराने पूर्वेकडे वळत गेलेला. अंगणात जुन्या इमारतीचा आराखडा आखून ठेवला आहे. एका अग्निशमन जवानाने आगीतून वाचवलेला तारा आज दारावर आहे. मला ही वास्तू चर्चपेक्षा प्रामाणिक वाटली. चर्चमध्ये जखम भरून आली आहे. इथे कुणी घाव घातला ते झाकलेले नाही. खैरलांजीच्या निकालात शिक्षा झाली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागला नाही, कारण म्हणून 'सूड' लिहिले गेले. मारले गेले ते नोंदवायचे आणि जात वगळायची, हा झाकण्याचाच प्रकार आहे. आपल्या स्मारकांवरचे फलक लिहिताना कार्यकर्त्यांनी पुतळ्याच्या उंचीपेक्षा या ओळीसाठी भांडावे.

सिनेगॉगच्या दारापाशी पोलिसांचा पहारा होता. चर्चपुढे मला एकही पोलीस दिसला नव्हता.