हरणाऱ्याला पहिला मान!

बास्केटबॉलमध्ये तळाला गेलेल्या संघाला बक्षीस मिळतं, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं! २३ जून २०२५ची सकाळ. मालवणात पाऊस नुसता ओतत होता आणि भाच्याच्या मोबाईलवर ओक्लाहोमा सिटी थंडर हा संघ इंडियाना पेसर्सचा १०३-९१ असा पाडाव करून एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचं विजेतेपद पटकावत होता. भाचा म्हणाला, "मामा, हेच चार वर्सां आदी ७२तले ५० सामने हरलले. थय जो हरता तेकाच पयलो मान!"

मग काय, दिवसभर तेच वाचत बसलो. हा पहिला मान सोडतीने ठरतो. एक ते चौदा आकडे लिहिलेले चेंडू यंत्रात घुसळतात, त्यांतले चार बाहेर काढतात. चार चेंडूंच्या १००१ जोडण्या होतात. त्यांतली एक बाद आणि तळाच्या तीन संघांना प्रत्येकी १४०. ज्याची जोडणी आली, तो सर्वोत्तम नवा खेळाडू सर्वांत आधी उचलणार. काय विलक्षण कल्पना आहे ही!

आणि तिच्या कथा तर त्याहून थरारक. १९९७ साली सर्वाधिक संधी होती बोस्टनला; ते ८२पैकी ६७ सामने हरले होते. पण चेंडू सॅन अँटोनियोच्या बाजूने पडले, टिम डंकन तिकडे गेला आणि १९९९मध्ये ते विजेते झाले! उलट फिलाडेल्फियाने वर्षानुवर्षं पडेल संघ उतरवला, २०१५-१६मध्ये तर ७२ सामने गमावले, पुढे दोनदा पहिला मानही मिळवला. त्यानंतर करंडक मात्र अजून नाही.

म्हणजे नुसतं हरून भागत नाही. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते ती सगळ्यांनाच. पण ऑगस्टात होडी भरते ती जाळी नीट विणून ठेवणाऱ्याची. ओक्लाहोमाचंच बघा. पराभवांमुळे त्यांना चेट होल्मग्रेन मिळाला, खरं आहे. पण त्यांचा हुकमी एक्का शे गिलजस-अलेक्झांडर आला तो २०१९च्या अदलाबदलीतून. जेलन विल्यम्सला ज्या क्रमांकावर निवडलं, तो क्रमांकही त्याच सौद्यातला! आणि ही पोरं एकत्र वाढेपर्यंत संघाने धीर धरला.

हे वाचताना मला सारखी आपली पुणेरी पलटण आठवत होती. प्रो कबड्डीत लिलाव असतो, हरणाऱ्याला पहिला मान वगैरे काही नाही. पहिल्या दोन्ही हंगामांत पलटण तळाला होती. आठव्या हंगामात नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे नवखे चढाईपटू मॅटवर उतरले. पलटणीने त्यांना सोडलं नाही. डिसेंबर २०२२मध्ये अंतिम सामना जयपूरने ३३-२९ असा जिंकला, तरीही नाही! १ मार्च २०२४ला हैदराबादेत हरियाणाला २८-२५ असं नमवून करंडक उचलला, तेव्हा कर्णधार होता अस्लम.

सिंधुदुर्गातल्या कबड्डी मंडळांनो, म्हणून तुम्हाला हात जोडून विनंती: यंदा पहिल्याच फेरीत बाद झालात तरी पोरांचा संघ मोडू नका. त्याच सात जणांना पुढच्या वर्षी पुन्हा उतरवा.