टोपोशीटवरची पिलंजी

टोपोशीट म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा जमिनीचा नकाशा, आणि प्रत्येक शीटला आपला आकडा असतो. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना ४७ एफ/१४ एवढं म्हटलं की पुणे डोळ्यांपुढे येतं. दिल्लीचा तसा आकडा ५३ एच/२. अक्षांश २८ अंश ३० मिनिटं ते २८ अंश ४५ मिनिटं, रेखांश ७७ अंश ते ७७ अंश १५ मिनिटं. कुतुबमिनारापासून लाल किल्ल्यापर्यंतची दिल्ली एवढ्या चौकटीत बसते. त्या चौकटीत सफदरजंगच्या मकबऱ्यापासून थोडं नैर्ऋत्येला सरकलं की सरोजिनी नगर लागतं.

सरोजिनी नगरला माणसं जातात ती कपडे घ्यायला. निर्यातीतून उरलेला माल तिथं स्वस्तात मिळतो, म्हणून देशभरातून दिल्लीला आलेल्या मुली तिथं एक चक्कर मारतातच. मला तिथली, शेजारच्या पिलंजी गावाची जुनी शेतं शोधायची होती. राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला येण्याच्या सुमाराचा, एक इंचाला एक मैल या मापाचा नकाशा मी जनपथवरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बघितला होता आणि त्याची ढोबळ नक्कल पेन्सिलीनं वहीत उतरवून घेतली होती. अभिलेखागाराची ही देखणी इमारत १९२६ साली उभी राहिली. इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट हे या संस्थेचं तेव्हाचं नाव. जुने नकाशे बघण्यासाठी देशात याहून चांगली जागा क्वचितच असेल.

त्या नकाशावर नवी दिल्ली नाही. इंडिया गेट नाही, पूर्वी राजपथ म्हणत तो रस्ता नाही. उलट जिथं पुढे इंडिया गेट झालं त्या माळावरून आग्र्याकडे जाणारी रेल्वेची रेघ सरळ गेलेली आहे. नवी राजधानी आखताना हा रूळमार्ग उचलून यमुनेच्या बाजूला नेला. बाकी सगळी गावंच गावं. रायसीना, मालचा, अलीगंज, पिलंजी, मुबारकपूर कोटला, मोहम्मदपूर, हुमायूंपूर, मुनीरका. मधूनमधून थडगी, मशिदी, बागा, विहिरी आणि पश्चिमेच्या डोंगरकण्यावरून, म्हणजे दिल्लीकर ज्याला रिज म्हणतात तिथून, पूर्वेला यमुनेकडे धावणारे नाले. दिल्लीचा इतिहास आपण वाचतो तो तख्तावर बसलेल्यांचा. तख्ताला धान्य पुरवणारी गावं कुठं होती, त्यांचं पाणी कुठून यायचं, हे मात्र या कागदावर दिसतं. म्हणून मला टोपोशीट हा सरकारी कागद न वाटता गावकीचा दस्तऐवज वाटतो.

जुना नकाशा घेऊन निघणाऱ्यानं एक गोष्ट आधी समजून घ्यायला हवी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत भारतातले रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या मोजणीवर बेतलेले होते, आणि ती मोजणी २ मिनिटं २७ सेकंदांनी जास्त होती. त्या काळातल्या कित्येक नकाशांवर ही दुरुस्ती तळटीप म्हणून छापलेली असते. दिल्लीच्या अक्षांशावर एवढ्या फरकाचं अंतर भरतं सुमारे ४ किलोमीटर. म्हणजे जुन्या कागदावरचा रेखांश तसाच मोबाइलमध्ये भरला, तर पिलंजी शोधणारा माणूस पार पूर्वेला भलत्याच वस्तीत पोचेल. नंतरच्या शीटांवर ही चूक नाही, पण त्या सर्वेक्षक एव्हरेस्टच्या १८३० सालच्या गणिती पृथ्वीवर आखलेल्या आहेत आणि आपला मोबाइल वेगळ्या पृथ्वीवर चालतो, त्यामुळे थोडा फरक तिथंही पडतो. यावर खात्रीचा उपाय एकच. जागचं न हललेलं काहीतरी धरायचं. दिल्लीत अशा खुणांना तोटा नाही. सफदरजंगचा मकबरा १७५४ पासून तिथंच आहे. मी तो एक बिंदू धरला, कोटल्यातली सुलतान मुबारक शाहची कबर दुसरा, आणि त्या दोहोंच्या आधारानं वहीतली रेघ आजच्या रस्त्यांवर बसवली.

पिंक लाइनचं सरोजिनी नगर स्थानक २०१८ साली सुरू झालं. तिथून वर आले तेव्हा सकाळचा गारवा होता. दुकानांची शटर अजून अर्धी खाली होती आणि पत्र्याच्या उंच आडोशांमागे क्रेन फिरत होत्या. इथली सरकारी क्वार्टरं पाडून मनोरे बांधण्याच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळानं २०१६ मध्ये मंजुरी दिली. सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर अशा सात वसाहती त्यात आहेत. २०१८ मध्ये त्यासाठी झाडं पडायला लागली तेव्हा दिल्लीकर रस्त्यावर उतरले आणि उच्च न्यायालयानं वृक्षतोड थांबवली. काम पुढे चालू राहिलं. माझ्या आत्यानं जिथं संसार केला ते दोन खोल्यांचं क्वार्टर आता नाही.

आत्या बरोबर आली होती. काकांची केंद्र सरकारात नोकरी होती आणि ती लग्न होऊन इथं आली तेव्हा जुनी माणसं या भागाला विनय नगरच म्हणत. स्वातंत्र्यानंतर सरकारी नोकरांसाठी वसाहती उठल्या त्यांची नावं विनय नगर, सेवा नगर, मान नगर, शान नगर अशी होती. पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम खातं पुण्याच्या काकासाहेब गाडगीळांकडे होतं, आणि फाळणीनंतर माणसांनी फुटून निघालेल्या दिल्लीत डोक्यावर छप्पर देण्याचा प्रश्न त्यांच्या टेबलावर होता. मराठी वाचकानं हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं. पण त्या छपरांखालची जमीन कुणाची होती, हा प्रश्न त्याच वेळी विचारला जायला हवा होता, आणि तो फारसा कुणी विचारला नाही.

आत्याला मी नकाशावरचं पिलंजी हे नाव दाखवलं. तिनं चष्मा वर केला. "अगं, आमचा दूधवाला पिलंजीचाच. म्हैस घेऊन दारात यायचा. माझ्यासमोर धार काढ म्हणायचे मी, म्हणजे पाणी घालायला नको." मग थोडं थांबून म्हणाली, "इतकी वर्षं राहिले, पण त्यांच्या गावात एकदाही गेले नाही बघ."

बाजारापासून पिलंजी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वसाहतीचे रुंद, सरळ रस्ते संपतात आणि अचानक गल्ली खांद्याएवढी होते. चारचार मजली घरं एकमेकांकडे झुकलेली, मध्ये विजेच्या तारांचं जाळं, तळमजल्यावर शिलाईची, मोबाइलची, किराण्याची दुकानं आणि वरती भाडेकरू. रस्ता का बदलला याचं उत्तरही एका नकाशातच आहे. १९०८ च्या सुमारास महसूल खात्यानं दिल्लीतल्या गावांच्या नकाशांवर गावठाणाभोवती लाल शाईनं रेघ ओढली. तिला म्हणतात लाल डोरा. आत राहती घरं, बाहेर कसायची जमीन. शेतसारा बाहेरच्या जमिनीवर होता, म्हणून ही रेघ. पुढे सरकारनं वसाहतींसाठी आणि रस्त्यांसाठी बाहेरची जमीन घेतली, लाल डोऱ्याच्या आतलं गावठाण तेवढं गावकऱ्यांकडे उरलं. १९६३ च्या अधिसूचनेनं आतल्या घरांना महापालिकेच्या बांधकाम नियमांतून सूट मिळाली. शेत गेलेल्या माणसाला घर उंच करणं आणि खोल्या भाड्यानं देणं एवढाच व्यवसाय राहिला. पिलंजी, मुनीरका, हुमायूंपूर, कोटला, सगळीकडची दाटी या एका शाईच्या रेघेतून आलेली आहे. या गावांना गलिच्छ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी तो नकाशा एकदा बघावा.

चौपालीच्या, म्हणजे गावच्या चावडीच्या, ओट्यावर एक वृद्ध गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी वही पुढे केली, गावाचं नाव दाखवलं, नाला दाखवला. त्यांनी वही हातात घेऊन आधी ती फिरवली, उत्तर नीट वर आणली आणि मग बोट ठेवलं. नाल्याच्या अलीकडे विहीर होती. इकडं गहू, तिकडं ज्वारी. लहानपणी कोटल्याला नात्यातल्या लग्नांना शेतांमधून चालत जायचो. आता कोटल्याला कसं जायचं हे विचारलं तर रिंग रोडनं जा असं सांगावं लागतं. आत्यानं भीत भीत दूधवाल्याचं नाव घेतलं. त्यांनी मान हलवली. तो गेला, मुलगा आहे, तोही म्हातारा झाला. मग आत्या ओट्यावर बसली आणि दोघांनी कितीतरी वेळ म्हशी, दुधाचे भाव आणि कुठल्या क्वार्टरात कोण राहायचं यावर गप्पा मारल्या. मी जे वहीत लिहून घेतलं त्यातलं निम्मं त्या गप्पांमधलं आहे. नकाशा नसता तर या गप्पांना तोंडच फुटलं नसतं.

तिथून आम्ही नाला धरला. याचं नाव कुशक नाला. रिजच्या पायथ्याशी, आजच्या तीन मूर्ती भवनाच्या आवारात फिरोजशाह तुघलकाचा शिकारीसाठी बांधलेला कुशक महाल अजून उभा आहे, आणि त्याच बाजूनं हा नाला खाली येतो. जुन्या नकाशात तो शेतांमधून नागमोडी जातो. आज कुठं काँक्रीटच्या भिंतींत, कुठं झाकणाखाली. आयएनए वसाहतीजवळचं दिल्ली हाट, जिथं १९९४ पासून देशभरचे कारागीर दुकानं मांडतात, तेही नाला झाकून काढलेल्या जागेवर वसलेलं आहे. तिथं फिरणाऱ्यांच्या पायाखाली रिजवरचं पाणी वाहतं. पावसाळ्यात हा पट्टा तुंबला की सगळे चिडतात. नाल्याला मात्र आपली जुनी वाट ठाऊक असते. शहर आखणाऱ्यांनी जमिनीचा उतार दाखवणाऱ्या रेषा मनावर घेतल्या असत्या तर बरंच पाणी घरांबाहेर राहिलं असतं, असं माझं ठाम मत झालं आहे.

पुढे हाच प्रवाह बारापुल्याकडे जातो. बारापुला हा जहांगीरच्या काळातला दगडी पूल. मराठी माणसाच्या कानाला हे नाव अनोळखी नाही. १७३७ च्या मार्चमध्ये बाजीराव पेशव्यांनी दिल्लीवर अचानक चाल केली, त्या मोहिमेच्या हकिकतींत बारापुला येतो, कालकादेवीचं देऊळ येतं आणि तालकटोऱ्याजवळची मोगलांशी झालेली लढाई येते. पुस्तकात ही नुसती नावं असतात. नकाशा पसरला की दिसतं, एका अंगाला यमुना, दुसऱ्या अंगाला रिज, मध्ये नाल्यांनी चिरलेला मोकळा शेतमुलूख. घोडदळाला पाणी कुठं मिळालं असेल, तळ कुठं पडला असेल, याचा अंदाज मनात उभा राहतो.

कोटला मुबारकपूरला पोचेपर्यंत ऊन चढलं. सय्यद घराण्यातला सुलतान मुबारक शाह १४३४ मध्ये मारला गेला. त्याची अष्टकोनी कबर आज घरांच्या आणि दुकानांच्या गराड्यात आहे. मौलवी जफर हसन यांनी पुरातत्त्व खात्यासाठी दिल्लीतल्या वास्तूंची यादी केली, तिचे चार खंड १९१६ ते १९२२ या काळात निघाले. त्या यादीची मांडणीच गाववार आहे. टोपोशीट एका हाती आणि ही यादी दुसऱ्या हाती असली की नकाशावरच्या काळ्या ठिपक्यांना नावं मिळत जातात.

पण काही नावांना आता जागाच नाही. रायसीना आणि मालचा ही गावं नव्या राजधानीसाठी उठवली गेली. मालच्याचे लोक सोनिपतजवळच्या हरसाना कलांला जाऊन राहिले, आणि त्यांचे वंशज आजही स्वतःला मालच्याचे म्हणवतात. पिलंजी निदान नकाशावर दाखवता येते आणि तिच्या ओट्यावर बसताही येतं.

टोपोशीट सगळं सांगत नाही. शेत कुणाचं, बांध कुठला, वाटणी कशी, हे तिथं नसतं. त्यासाठी पटवाऱ्याचा शजरा लागतो, कापडावर उतरवलेला, ज्याला दिल्लीकडे लठ्ठा म्हणतात. आपल्याकडे गावनकाशा आणि टिपण जे काम करतात तेच तो करतो. ही दोन्ही कागदपत्रं एकत्र ठेवली तर गावाचा इतिहास लिहिता येतो, आणि तिसरा आधार तिथल्या म्हाताऱ्या माणसांचा. कागद अभिलेखागारात टिकतील. माणसं थांबणार नाहीत.

म्हणून वाचकांना एक विनंती. तुमचं गाव ज्या शीटवर आहे ती मिळवा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० मापाचे ओपन सिरीज नकाशे आता त्यांच्या पोर्टलवरून मोफत उतरवून घेता येतात. अमेरिकी सैन्याच्या नकाशा विभागानं काढलेली १:२,५०,००० मापाची जुनी मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयानं सर्वांसाठी खुली ठेवली आहे. गावनकाशा तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. मुळशी, कोयना, उजनी अशा कुठल्या धरणाखाली तुमचं मूळ गाव गेलं असेल, तर धरणाआधीची शीट शोधा. तिथं गाव अजून पाण्याबाहेर आहे. ती शीट घेऊन घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा, विहीर कुठं होती, वाट कुठून जायची हे विचारा, आणि ते सांगतील ते तारखेसकट लिहून ठेवा. हे काम याच सुट्टीत करा.