हडसनकाठची सफरचंदं आणि एक माशी

न्यूयॉर्क शहर मागे टाकून हडसन नदीच्या काठाने उत्तरेकडे निघालं, की दीड-दोन तासांत सफरचंदाच्या बागा लागतात. सप्टेंबरात तिथे पैसे भरून पिशवी घ्यायची आणि फळं आपल्या हाताने तोडायची. आपण हुरडा खायला शेतावर जातो, तसं मुलाबाळांसह लोक येतात. काही बागांत फांद्यांवर मधूनच चिकट लेप दिलेला लाल चेंडू टांगलेला दिसतो. सफरचंद समजून येणारी माशी त्याला चिकटते.

ही माशी आपल्या आंब्यावरच्या फळमाशीच्याच कुळातली. मादी सालीखाली अंडं घालते, अळी गर पोखरते, फळ गळलं की मातीत शिरते आणि पुढच्या उन्हाळ्यात माशी होऊन वर येते. बागायतदाराचा माल मात्र वाया जातो.

गंमत अशी, की सफरचंद मुळात अमेरिकेचं नव्हेच. ते युरोपातून गेलेल्या लोकांनी नेलं. माशी तिथलीच, हॉथॉर्न नावाच्या काटेरी झाडाच्या बोरासारख्या लाल फळांवर जगणारी. १८६० च्या दशकात या खोऱ्यातल्या सफरचंदांत तिच्या अळ्या सापडू लागल्या. यजमान झाड बदलल्याने परजीवी किड्याची नवी जात घडू शकते, असं बेंजामिन वॉल्श या कीटकशास्त्रज्ञाने तेव्हाच मांडलं होतं.

आम्हा सीमाभागातल्यांना सीमा म्हटली की नकाशावरची रेघ आठवते. इथे ना डोंगर आडवा, ना नदी. दोन्ही झाडं शेजारी-शेजारी. पण या माश्यांचे नर-मादी भेटतात ते फळावरच, आणि फळ शोधतात वासावरून. शिवाय सफरचंद हॉथॉर्नच्या सुमारे तीन आठवडे आधी पिकतं. त्यामुळे सफरचंदवाल्यांची सोयरीक बहुतेक सफरचंदवाल्यांशीच. पिढीमागे शेकडा चार ते सहा एवढीच सरमिसळ होते, म्हणजे फारकत अजून पुरती झालेली नाही.

ब्ल्यूबेरीवरच्या माशीची ती केव्हाच झाली. दिसायला ही सख्खी बहीण. प्रयोगशाळेत एका पिंजऱ्यात ठेवलं तर दोघींचा संकर होतो. मोकळ्या रानात मात्र जवळजवळ वाढणाऱ्या झाडांवरही तो आढळलेला नाही.

या माश्यांच्या अळ्यांवर जगणारी एक बारीक गांधीलमाशी आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की तिच्यातही आता सफरचंदवाल्या आणि हॉथॉर्नवाल्या असे तट पडू लागले आहेत.