गॅरेजमध्ये विमान, डिकीत शेपटी

वर्षातले एक्कावन्न आठवडे ओशकोश हे विस्कॉन्सिनमधलं एक झोपाळू गाव असतं. बावन्नाव्या आठवड्यात तिथे घरी बनवलेली विमानं उतरतात. त्या आठवड्यातली ही सफर.

शिकागोच्या ट्रिपमध्ये लोक काय काय करतात? विलिस टॉवरच्या काचेवर उभं राहून फोटो काढतात, डेव्हन अव्हेन्यूवर चाट हाणतात, आउटलेट मॉलमधून बॅगा भरतात. मी मात्र जुलै २०२५ मधल्या एका पहाटे साडेचारला विमानाच्या शेपटीशेजारी बसून उत्तरेकडे निघाले होते.

शेपटी खरी होती. ॲल्युमिनियमची, पाचेक फूट लांब, आणि जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेली. गाडीची मागची अर्धी सीट पाडून तिला झोपवलं होतं. उरलेल्या अर्ध्या सीटवर मी. पुढे माझा आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, आणि शेजारी वहिनी.

दादा शिकागोच्या उपनगरात राहतो, सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर लिहितो आणि उरलेल्या वेळात गॅरेजमध्ये दोन सीटचं विमान बनवतो. किट मागवायचं, नकाशे वाचायचे, पत्रे जोडायचे. पहिली शेपटी, मग पंख, मग धड, शेवटी इंजिन. पाच वर्षं झाली, दादा अजून शेपटीवरच आहे.

‘‘गाडी बाहेर बर्फात आणि शेपटी आत हीटरमध्ये,’’ वहिनी म्हणाली. ‘‘आमच्या घरात लाड कुणाचे होतात, ते बघ.’’

दादा हसला नाही. गेले आठ महिने गॅरेज बंद होतं. का, ते कुणी मला सांगितलं नव्हतं.

पंख हलवा, भेटलात!

ओशकोशच्या नैऋत्येला फिस्क नावाचं इवलंसं खेडं आहे. विमानांच्या मेळ्याला, म्हणजे ‘एअरव्हेंचर’ला येणारी बहुतेक छोटी विमानं याच्यावरूनच येतात. रिपन गावापासून रेल्वेचे रूळ पकडायचे आणि एकामागे एक, अर्ध्या मैलाचं अंतर ठेवून, ९० नॉट्सनी यायचं. म्हणजे ताशी १६५ किलोमीटरच्या आसपास. खाली दुर्बिणी घेऊन कंट्रोलर उभे. पायलटने उत्तर द्यायचं नाही, फक्त ऐकायचं. ‘खालच्या पंखांचं पांढरं विमान, पंख हलवा,’ असं रेडिओवर येतं, विमान डावी-उजवीकडे डुलतं, की झाली ओळख. मग धावपट्टी मिळते आणि कुठल्या रंगाच्या ठिपक्यावर चाकं टेकवायची तेही सांगतात. कारण एकाच धावपट्टीवर एकापाठोपाठ दोन-तीन विमानं उतरत असतात!

त्या आठवड्यात इथला कंट्रोल टॉवर जगातला सगळ्यात बिझी असतो. दहा हजारांवर विमानं आणि सात लाखांच्या आसपास माणसं. पंढरपूरची वारी बघितलेल्या माणसाला गर्दीचं कौतुक नाही, पण वारकरी आभाळातून उतरताना बघणं हे प्रकरण वेगळंच.

या सगळ्याची सुरुवात एका तळघरात झाली. १९५३ मध्ये पॉल पोबरेझनी नावाच्या पायलटने मिलवॉकीत घरी विमानं बनवणाऱ्या मूठभर लोकांना एकत्र केलं आणि ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ काढली. ऑफिस त्याच्या घराच्या तळघरात. १९७० पासून मेळा ओशकोशला भरतो. आज इथे लढाऊ जेट्स येतात, रात्रीचे एअर शो होतात, पण मेळ्याचा जीव अजून घरगुती विमानांच्या रांगांमध्येच आहे.

आम्ही सकाळभर त्याच रांगांमधून फिरलो. प्रत्येक विमानापुढे घडीच्या खुर्चीत बसलेला मालक, रात्री पंखाखाली तंबू. आणि गंमत म्हणजे इथे कुणी वेग किती, किंमत किती असं विचारत नाही. लोक विमानाला नाक लावून रिव्हेट बघतात. अगदी स्थळ बघायला आल्यासारखे!

एका कॉकपिटमध्ये मी डोकावले. दाराजवळ ठळक अक्षरांत ‘एक्सपेरिमेंटल’. आत प्रवाशासाठी पाटी होती. तिचा अर्थ असा, की हे विमान हौशी माणसाने बनवलंय आणि कारखान्यातल्या विमानांचे सरकारी सुरक्षा नियम याला लागू होत नाहीत. अमेरिकन कायदा म्हणतो, निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं असेल, तर असं विमान उडवता येतं. सरकारी माणूस तपासणी करतो, मग ठरावीक चाचणी-उड्डाणं होतात. पण रिव्हेट ठोकताना शेजारी कुणी इन्स्पेक्टर उभा नसतो.

एक रिव्हेट म्हणजे नक्की काय?

आपल्या एसटीच्या अंगावरचे रिव्हेट आठवा. लहानपणी खिडकीतून हात बाहेर काढून आपण ते मोजायचो. विमानाचा फंडा तोच. फक्त पत्रा बराच पातळ आणि मिश्रधातू वेगळा. एका विमानात असे हजारो रिव्हेट असतात आणि प्रत्येकाचा संसार सारखाच.

भोक पाडायचं. भोकाची धारदार कड घासून काढायची, कारण तिथूनच तडा सुरू होतो. पृष्ठभाग गुळगुळीत हवा असेल तर भोकाभोवती खळगा दाबायचा, म्हणजे रिव्हेटचं डोकं आत बसतं. गंज धरू नये म्हणून प्रायमर मारायचा. ‘क्लिको’ नावाच्या स्प्रिंगच्या चिमट्यांनी पत्रे तात्पुरते जोडायचे. मग एकाने बाहेरून हवेच्या दाबावरची रिव्हेट गन धरायची, दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा, म्हणजे बकिंग बार, दाबून धरायचा. टर्रर्र! दोन सेकंदांत शेपूट चेपून दुसरं डोकं तयार. ते रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्म्याइतकं उंच हवं. कमी नको, जास्त नको. वाकडंही नको.

गन घसरली तर पत्र्यावर चंद्रकोरीसारखी खूण उठते. ठोकळा तिरका धरला तर डोकं कलतं. असा रिव्हेट काढायचा म्हणजे त्याच्या डोक्यात बरोब्बर मधोमध ड्रिल करायचं, डोकं उडवायचं आणि दांडा हळूच बाहेर ढकलायचा. ड्रिल जरा सरकलं की गोल भोकाचं अंडं होतं.

दादाचं नेमकं तेच झालं होतं. नोव्हेंबरातल्या एका रात्री, साडेअकराला, ‘एवढा एक काढतो आणि झोपतो’ म्हणताना. शेपटीच्या मागच्या स्पारवर, म्हणजे तिच्या कण्यावर. बिजागरीची ब्रॅकेट जिथे बसते, त्याच ठिकाणी.

‘‘आठ महिने मी त्याच्यावर वाचतोय,’’ दादा म्हणाला. ‘‘मोठा रिव्हेट घालून चालेल असं म्हणणारे भेटले. काढून टाक म्हणणारेही भेटले.’’

‘‘आणि तुला काय वाटतं?’’ मी विचारलं.

‘‘म्हणून तर घेऊन आलोय.’’

आजोबांचा तंबू

मेळ्यात पत्राकामाचा वर्कशॉप असतो. कुणीही जावं, ॲल्युमिनियमचे दोन तुकडे घ्यावेत आणि रिव्हेट ठोकायला शिकावं. शिकवणारे बहुतेक सत्तरीचे स्वयंसेवक. आमच्या वाट्याला आलेल्या आजोबांनी स्वतः दोन विमानं बनवली होती आणि तिसरं चालू होतं. दादाने गाडीतून शेपटी आणली, चादर उलगडली. आजोबांनी आधी चादरीचं कौतुक केलं, मग खिशातून भिंग काढलं.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग पट्टी लावली. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिव्हेटच्या जाडीच्या किमान दुप्पट अंतर हवं. भोक मोठं करून जाड रिव्हेट घातला, तर दुप्पट अंतर उरत नव्हतं. फार नाही, केसभर कमी.

‘‘रात्री झोप लागते का?’’ आजोबांनी विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘मग तू वाचतोयस कशाला? तुला उत्तर माहिती आहे.’’

स्पार नवा घ्यायचा. म्हणजे त्याच्यावरचे सगळे रिव्हेट एकेक करून ड्रिल करून काढायचे, एकही भोक न बिघडवता, आणि सगळं पुन्हा. आजोबा म्हणाले, त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर बिघडलेल्या भागांची रांग टांगलेली आहे. पाहुणे आले की आधी तीच दाखवतात.

मला वाटलं दादा खचेल. तो सरळ कॉफी आणायला गेला. वहिनी हळूच म्हणाली, ‘‘नोव्हेंबरनंतर आज पहिल्यांदा त्याचे खांदे खाली आलेत.’’

इथे कुणी याला पराभव म्हणत नाही. छंदातल्या मोठ्या कंपन्यांनाही असे दिवस बघावे लागले आहेत. ओरेगॉनची ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ हे धातूच्या किट विमानांमधलं सगळ्यात मोठं नाव, त्यांची अकरा हजारांवर विमानं उडाली आहेत. काही काळ त्यांच्या पत्र्यांमधली भोकं लेझरने कापली गेली. खळगा दाबताना त्यांच्या कडांना बारीक तडे जाऊ लागले आणि २०२३ मध्ये ते प्रकरण गाजलं. भाग बदलून देण्याचा खर्च, वाढलेले इतर खर्च, आणि डिसेंबर २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरी-संरक्षणात. २०२४ मध्ये ती सावरून बाहेर आली. भोकाची कड किती महाग पडू शकते, त्याचं हे उदाहरण.

ज्याच्या नावाचा विमानतळ

ओशकोशच्या विमानतळाला स्टीव्ह विटमनचं नाव आहे. शर्यतींचा पायलट, स्वतः विमानं डिझाइन करणारा अवलिया. कित्येक वर्षं त्याने हाच विमानतळ सांभाळला. एप्रिल १९९५ मध्ये, वयाच्या ९१व्या वर्षी, तो बायकोला घेऊन स्वतः बनवलेल्या विमानातून निघाला आणि अलाबामात विमान हवेतच मोडलं. दोघंही गेले. तपासात निघालं, की पंखावरचं कापड एका ठिकाणी नीट चिकटलेलंच नव्हतं. ते सुटलं आणि पंख फडफडून तुटला.

म्हणजे ज्याच्या इतकी विमानं क्वचितच कुणी बनवली असतील, त्याचीही एक जोडणी राहून गेली. हा किस्सा आजोबांनीच सांगितला. कुणाला घाबरवायला नव्हे. शेपटी परत चादरीत गुंडाळता गुंडाळता, सहज.

आणि आपल्याकडे?

परतीच्या वाटेवर कांदिवलीचा विषय निघणारच होता. अमोल यादव या वैमानिकाने चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान उभं केलं. गॅरेज नाही, हँगर नाही, मुंबईचा पावसाळा डोक्यावर! २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिलं. वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यानंतर नोव्हेंबर २०१७ मध्ये सरकारदरबारी नोंदणी झाली. २०२० मध्ये धुळ्याला चाचणी-उड्डाणही झालं.

‘‘मला इथे भिंग घेऊन बसलेले आजोबा मिळाले,’’ दादा म्हणाला. ‘‘त्या माणसाला कोण होतं?’’

मी पुण्यात ज्या ऑफिसात बसते, तिथे शुक्रवारी संध्याकाळी चूक सापडली तर ‘पुढच्या रिलीजमध्ये बघू’ म्हणतात. मीही म्हणते. दादाच्या कामात पुढचं रिलीज नाही.

रिव्हेट नंबर दोन

माझ्या परतीच्या फ्लाइटच्या आदल्या दिवशी गॅरेज उघडलं. नवा स्पार यायचा होता, पण दादाला दुसऱ्या एका पत्र्यावरचे चार रिव्हेट संपवायचे होते आणि वहिनीच्या हाताला लागलं होतं. ठोकळा माझ्या हातात आला.

‘‘सरळ धर. दाबू नकोस, टेकव फक्त. आणि मनात शंका आली तर बोल.’’

टर्रर्र. पहिला रिव्हेट मला तरी झकास वाटला. दादाने मापाची पट्टी लावली. एका बाजूला जरासा कललेला.

‘‘चालेल ना?’’ मी म्हटलं.

दादा माझ्याकडे बघत राहिला. मग मीच म्हणाले, ‘‘काढ.’’

त्याने ड्रिल घेतलं, बरोब्बर मधोमध टेकवलं आणि खूप हळू फिरवलं. डोकं उडालं, दांडा निघाला. भोक गोल होतं. वीस मिनिटं गेली. दुसरा रिव्हेट सरळ बसला. दादाने वहीत तारीख लिहिली, रिव्हेटची जागा लिहिली आणि पुढे माझं नाव.

जायचंय?

कधी: दरवर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास, सात दिवस. बुधवारी आणि शनिवारी रात्रीचा एअर शो चुकवू नका.

कसं: शिकागोहून गाडीने साधारण पावणेतीनशे किलोमीटर, मिलवॉकीहून सुमारे १४०. जवळचा प्रवासी विमानतळ ॲपल्टन.

राहायला: हॉटेल्स खूप आधी भरतात. मेळ्याच्या मैदानावर तंबू ठोकता येतो, गावातल्या विद्यापीठाच्या होस्टेलच्या खोल्याही भाड्याने मिळतात.

बघायला: घरगुती विमानांच्या रांगा आणि पत्राकामाचा वर्कशॉप. हाताने एक तरी रिव्हेट ठोकाच. मेळा चुकला तर संस्थेचं म्युझियम आहे.

खायला: विस्कॉन्सिनचे तळलेले चीज कर्ड्स. डाएट सोमवारपासून!

सोबत: टोपी, सनस्क्रीन, रेनकोट आणि चालायचे बूट. हिल्स घरी ठेवा.