‘लाँगिंगली’ म्हणजे काय?

आमच्या खासबागेतील शाळकरी मुले इंग्रजी धड्यात अडली की कधीकधी आमच्याकडे येतात. परवा एकाने ‘लाँगिंगली’ या क्रियाविशेषणाचा अर्थ विचारला. शब्द लहान, पण वाचकांनीही त्यावर क्षणभर विचार करावा, असे आम्हांस वाटते.

या शब्दाच्या पोटी ‘लाँग’, म्हणजे लांब, हा शब्द आहे. ज्याची ओढ लागते त्याच्याविना वेळ लांबत जातो, हा अनुभव त्यात साठविलेला दिसतो. ‘ईगरली’ म्हणजे उत्सुकतेने. तेथे हवी ती गोष्ट बहुधा जवळ येऊन ठेपलेली असते. ‘लाँगिंगली’मध्ये ती दूर असते, हाती येईलच अशी खात्री नसते. म्हणून हा शब्द बहुधा पाहणे, आठवणे, बोलणे अशा क्रियांना जोडला जातो.

मराठीत मात्र एका शब्दाने भागत नाही. रविवारच्या बाजारात दुसऱ्याच्या हातातील जिलेबीकडे आपण पाहतो ते आशाळभूतपणे. परदेशी गेलेल्या मुलाची आई वाट पाहते ती डोळ्यांत प्राण आणून. इंग्रजीला दोन्ही ठिकाणी ‘लाँगिंगली’ चालते.

संत लूकच्या शुभवर्तमानातही असेच आहे. पंधराव्या अध्यायात उधळ्या पुत्राला डुकरांच्या शेंगांची वासना होते; बाविसाव्या अध्यायात प्रभू येशूला शिष्यांसह वल्हांडणाचे भोजन करण्याची उत्कंठा लागते. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे क्रियापद एकच. प्रभूच्या मुखी मात्र ते, हिब्रू भाषेच्या धाटणीने, त्याच अर्थाच्या नामाची जोड देऊन अधिक उत्कट केले आहे.

यावरून काय घ्यावे? ओढ हे पाप नव्हे. ती कोणाकडे वळली, हे पाहावयाचे. शेंगांकडे पाहणारा तोच पुत्र पुढे घराकडे वळला आणि तो दूर असतानाच पित्याने त्याला पाहिले. तो पिता कसा पाहत होता, हे शुभवर्तमानकाराने सांगितलेले नाही. पण ज्याची नजर वाटेवर खिळलेली, त्यालाच इतक्या दुरून माणूस ओळखू येतो.

प्रिय वाचकहो, आपण दर रविवारी पवित्र मिस्सेला येतो. हे झाले क्रियापद. कोणी सवयीने येतो, कोणी लोकलज्जेने. ज्याने आपल्याबरोबर भोजनास बसण्याची एवढी उत्कंठा धरली, त्याच्याकडे आपण आसुसून येतो काय? ते क्रियाविशेषण ज्याचे त्यानेच घालावयाचे आहे.