तीन जावा, एक चूल

आमच्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षात यंत्रे पुष्कळ, पण प्रिंटर एकच. यंत्रांच्या जाती मात्र तीन. कार्यालयात विंडोज, कक्षातल्या जुन्या यंत्रांवर लिनक्स आणि एका सरांचा मॅक. 'कमवा व शिका' योजनेत मला या कक्षाचे काम मिळाले, तेव्हापासून या तीन जावांना एका चुलीवर नांदवणे माझ्याकडे आले आहे.

मुळात प्रिंटरला ना मराठी कळते, ना इंग्रजी. त्याला कळते ते पानाचे वर्णन: येथे काळे, येथे कोरे. ते वर्णनही प्रत्येक कंपनीने आपापल्या भाषेत करायचे ठरवले, म्हणून मध्ये दुभाषी लागतो. त्यालाच ड्रायव्हर म्हणतात.

पूर्वी प्रिंटर कार्यालयातल्या यंत्राला जोडून तेथून 'शेअर' केलेला होता. संध्याकाळी ते यंत्र बंद झाले की साऱ्या कॉलेजचे छापणे बंद! त्यात २०२१ साली विंडोजच्या छपाई यंत्रणेत 'प्रिंटनाइटमेअर' नावाचे भगदाड सापडले. तेव्हापासून शेअर केलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर आणून बसवायचा तर प्रशासकाचा पासवर्ड लागतो. नियम योग्यच आहे, चोराला वाट कशाला ठेवायची? पण पासवर्ड ठाऊक असलेले गृहस्थ रजेवर आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत उद्या संपणार, अशा वेळी मुलांनी काय करावे? ती बाहेरच्या दुकानात जाऊन पानाला पाच रुपये मोजत. वीस पाने जोडायची असली की वसतिगृहातल्या मुलाचे एक वेळचे जेवण त्यात जाई. प्रिंटर मात्र आत स्वस्थ झोपलेला!

म्हणून विभागप्रमुखांच्या परवानगीने अडगळीतल्या एका यंत्रावर लिनक्स घातले आणि त्यावर 'कप्स' सुरू केले. मायकेल स्वीट यांची ही प्रणाली १९९९ साली बाहेर आली आणि २००२ मध्ये ॲपलने ती मॅकमध्ये घेतली. म्हणजे छपाईपुरते मॅक आणि लिनक्स सख्खे भाऊच निघाले! दोघेही आयपीपी नावाच्या बोलीत बोलतात. ती विंडोजलाही येते, फक्त ड्रायव्हर प्रशासकांनी एकदा येऊन बसवून दिला. प्रिंटरला नेटवर्कवर कायमचा पत्ता नेमून दिला, नाहीतर खोली बदलणाऱ्या भाडेकरूसारखा तो रोज हरवे. आता सर्वांची पाने एकाच रांगेत लागतात आणि आपल्या पुढे कोण आहे, ते कुठल्याही यंत्रावर पाहता येते. कार्यालयाला कुलूप लागले तरी कक्ष उघडा असेपर्यंत छपाई चालते.

एक कुरबूर अजून आहे. विंडोजवर जुन्या फाँटमध्ये टंकलेला मराठी मजकूर लिनक्सवर उघडला की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. तेथे प्रिंटर बिचारा काय करील? पीडीएफमध्ये फाँट सोबत बांधून आणता येतो, म्हणून 'पीडीएफ करून आणा' असा कागद मी दारावर चिकटवला आहे. आमच्या मराठीच्या सरांनी तो वाचला, त्यातली ऱ्हस्वदीर्घाची एक चूक दुरुस्त केली आणि जुन्या फाँटमधलीच फाईल माझ्या हाती ठेवली.